आभीरांचा उदयास्त : एका उपपत्तीची चिकित्सा

खानदेशाच्या प्राचीन इतिहासावर लिहू लागले की लेखणी बहुधा आभीरांपाशी येऊन थांबते. सातवाहनांच्या सत्तेचा ऱ्हास झाल्यावर पशुपालन करणारा एक शूर लोकसमूह उत्तरेकडून आला, त्याने नाशिक-खानदेशात राज्य स्थापिले, स्वतःचा संवत् सुरू केला, काही पिढ्यांनी तो लयास गेला. आणि त्याची आठवण अहिराणी बोलीच्या नावात व गवळी राजांच्या कथांत मागे राहिली, असे हे कथानक आहे. ते इतके सुटसुटीत आहे की त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या प्रकारच्या पुराव्यांवर उभे आहेत, याचा सहसा विसर पडतो. प्रस्तुत लेखात या पुराव्यांची फेरतपासणी करावयाची आहे. आभीर हा लोकसमूह, आभीर म्हणविणारे राजकुल आणि आभीर हे नाव या तीन गोष्टींचा इतिहास एक नाही, आणि 'उदय' व 'अस्त' हे शब्द त्यांपैकी फक्त राजकुलास लागू पडतात, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. त्याचे कारण लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

(१)

तुलनेसाठी दूरचे एक उदाहरण घेऊ. युरोपच्या इतिहासात लाँबर्ड या जर्मानिक लोकांचा उदयास्त प्रसिद्ध आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस टॅसिटसने संख्येने अल्प परंतु लढाऊ म्हणून त्यांचा उल्लेख केला. पुढे ते डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात, पॅनोनियात दिसतात. इ. स. ५६८ मध्ये आल्बोइन राजाच्या नेतृत्वाखाली ते इटलीत उतरले. रोथारी राजाने इ. स. ६४३ मध्ये त्यांचे कायदे एकत्र केले. ते लाँबर्ड भाषेत नसून लॅटिनमध्ये आहेत. आइस्टुल्फने इ. स. ७५१ मध्ये राव्हेन्ना जिंकले, आणि पुढे अवघ्या तेवीस वर्षांनी, इ. स. ७७४ मध्ये, शार्लमेनने पाव्हिया घेऊन देसिदेरिउस या राजास पदच्युत केले.

या लोकांना स्वतःचा इतिहासकार लाभला. पॉल द डीकन हा स्वतः लाँबर्ड कुळातला मठवासी आठव्या शतकाच्या अखेरीस आपल्या लोकांचा इतिहास सहा खंडांत लिहून गेला. त्याने मूळस्थानाची कथा सांगितली, 'लांब दाढीवाले' हे नाव कसे पडले याची दंतकथा दिली, राजांची परंपरा नोंदविली. परंतु त्याचा ग्रंथ ल्युतप्रांद राजाच्या मृत्यूपाशी, म्हणजे इ. स. ७४४ पाशी, संपतो. ज्या पराभवाला आपण लाँबर्डांचा अस्त म्हणतो तो पराभव त्यांच्या एकमेव मोठ्या इतिहासकाराने वर्णिलेलाच नाही, जरी तो त्याच्या हयातीत घडला होता.

इ. स. ७७४ मध्ये नेमके काय संपले, हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. शार्लमेनने स्वतःस फ्रँकांचा व लाँबर्डांचा राजा म्हणविले. रोथारीचे कायदे त्यानंतरही चालू राहिले. दक्षिणेत बेनेव्हेंतो येथील लाँबर्ड सत्ता इ. स. १०७७ पर्यंत टिकली. लोकांची मूळ भाषा मात्र नाहीशी झाली. इटालियन भाषेत तिचे काही शब्द तेवढे उरले. नाव उलट प्रदेशाला चिकटले व लाँबर्डी झाले. पुढे उत्तर मध्ययुगात त्याच नावाचा अर्थ पश्चिम युरोपात 'उत्तर इटलीतला सावकार' असा झाला. लंडनच्या लाँबर्ड स्ट्रीटचे नाव त्या सावकारांवरून पडले आहे. राज्य, कायदा, भाषा आणि नाव या चारही गोष्टींची आयुर्मर्यादा निरनिराळी निघाली.

राइनहार्ड वेन्स्कुस या जर्मन इतिहासकाराने १९६१ मध्ये असे प्रतिपादिले की प्रारंभिक मध्ययुगातील अशा जमाती म्हणजे रक्ताने बांधलेले अखंड समाज नव्हेत. एखाद्या लहान गटाने जतन केलेल्या परंपरेभोवती आणि नावाभोवती निरनिराळ्या उगमांचे लोक गोळा होत व कालांतराने त्याच नावाने ओळखले जात. या मतावर पुष्कळ वाद झाले. २०१८ मध्ये हंगेरीतील सोलाद व इटलीतील कोलेन्यो या दोन दफनभूमींतील ६३ व्यक्तींच्या अवशेषांचे आनुवंशिक परीक्षण प्रसिद्ध झाले. त्यात मोठ्या कुटुंबांभोवती रचलेली दफने आढळली, आणि त्याच भूमींत उत्तरेकडील व दक्षिणेकडील अशा दोन्ही वंशपरंपरांचे लोक पुरलेले आढळले. म्हणजे स्थलांतर खरे होते, आणि मिश्रणही खरे होते. जेथे इतिहासग्रंथ, कायदेसंहिता, दफनभूमी व आनुवंशिक परीक्षण इतकी साधने उपलब्ध आहेत तेथेही 'लाँबर्ड म्हणजे कोण' याचे उत्तर सावधपणे द्यावे लागते. आभीरांकडे वळताना ही सावधगिरी आपणांस अधिकच बाळगावी लागेल.

(२)

आभीरांचा निर्देश संस्कृत वाङ्मयात विपुल आहे, परंतु तो नेहमी दुसऱ्यांनी केलेला आहे. पतंजलीच्या महाभाष्यात शूद्र व आभीर यांचा एकत्र उल्लेख येतो. महाभारताच्या मौसलपर्वात वृष्णींच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर पंचनदात आभीर हल्ला करतात. पुराणांत दहा आभीर राजे सांगितले आहेत. दंडीने काव्यांतील आभीरादिकांच्या वाणीस अपभ्रंश म्हटले. वात्स्यायनाच्या कामसूत्रात परगृही गेलेल्या एका आभीर कोट्टराजाचा त्याच्या भावाने योजिलेल्या परटाने वध केल्याचे ओझरते विधान आहे.

या शेवटच्या विधानाशेजारी आल्बोइनचा वध ठेवून पाहावा. इ. स. ५७२ मध्ये व्हेरोना येथे त्याची राणी रोझामुंड हिच्या कटाने तो मारला गेला. पॉलने त्या वधाची कारणे, सूडाची पार्श्वभूमी, राणीच्या बापाच्या कवटीचा केलेला प्याला हे सर्व विस्ताराने सांगितले आहे. पुढील पिढ्यांना आल्बोइन राजा म्हणून आठवतो तो त्यामुळे. आभीर राजाच्या वधास एका शास्त्रकाराने उदाहरण म्हणून एक ओळ दिली. राजांनी परगृही जाऊ नये हे शिकविण्यापुरते त्याला या राजाचे प्रयोजन होते. ज्या लोकांचा इतिहास इतरांच्या उदाहरणांतून उरतो, त्यांच्याविषयी सलग कथानक रचताना प्रत्येक सांधा आपण जोडीत असतो याचे भान अभ्यासकाने ठेविले पाहिजे.

शिलालेखांचा पुरावा याहून भक्कम आहे. त्यांतील तीन लेख महत्त्वाचे होत. पहिला सौराष्ट्रातील गुंदा येथील, शक १०३ म्हणजे इ. स. १८१ चा. क्षत्रप रुद्रसिंहाच्या कारकिर्दीत सेनापती बापकाचा पुत्र सेनापती रुद्रभूती या आभीराने विहीर खोदविल्याचे तो सांगतो. येथे आभीर हा परक्या राजाच्या चाकरीतला सेनाधिकारी आहे. दुसरा नाशिकच्या पांडवलेण्यांतील. तो माढरीपुत्र ईश्वरसेन राजाच्या नवव्या वर्षाचा असून त्यात राजास आभीर व आभीर शिवदत्ताचा पुत्र म्हटले आहे. तिसरा नागार्जुनकोंडा येथे मिळालेला, आभीर वसुषेणाच्या तिसाव्या वर्षाचा; अष्टभुजस्वामी या विष्णुरूपाच्या प्रतिष्ठेशी त्याचा संबंध आहे.

नाशिकच्या लेखाचा आशय बारकाईने पाहण्याजोगा आहे. दान देणारी विष्णुदत्ता ही शक अग्निवर्म्याची कन्या, गणपक रेभिलाची पत्नी व गणपक विश्ववर्म्याची माता. त्रिरश्मी पर्वतावरील विहारात आजारी पडणाऱ्या भिक्षूंच्या औषधोपचारासाठी तिने अक्षयनीवी ठेविली, आणि ती रक्कम गोवर्धन येथील कारागिरांच्या श्रेणींकडे सोपविली. त्यांत कुंभार, जलयंत्रे करणारे व तेली यांच्या श्रेणी आहेत. म्हणजे राजा आभीर, दात्री शक, संघ बौद्ध आणि ठेव सांभाळणारे स्थानिक कारागीर. ज्या एका लेखावर महाराष्ट्रातील आभीर राज्याची इमारत उभी आहे त्या लेखात आभीर लोकसमूह कोठेच दिसत नाही; दिसतो तो एक राजा, आणि त्याच्या राज्यातला सातवाहनकाळापासून चालत आलेला मिश्र नागर समाज.

आणखी एक गोष्ट. या तीन लेखांपैकी एक सौराष्ट्रातील, एक गोदावरीच्या उगमाकडील, एक कृष्णेच्या खोऱ्यातील आहे. तापीच्या खोऱ्यातला यांपैकी एकही नाही. खानदेशास आभीरांचा देश ठरविताना नाशिकचा राजा उत्तरेस तापीपर्यंत राज्य करीत असला पाहिजे, हे अनुमान आपण करीत असतो. ते संभवनीय आहे. परंतु ते अनुमानच आहे.

(३)

आभीरांच्या इतिहासाची आज रूढ असलेली मांडणी मुख्यतः महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांची आहे. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांनी संपादिलेला ग्रंथ १९५५ मध्ये 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम' या मालेचा चौथा खंड म्हणून प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाची योग्यता निर्विवाद आहे. त्यातील वाचने, काळगणना आणि भूगोलविषयक टिपा यांच्यावाचून पश्चिम भारताच्या तिसऱ्या ते सातव्या शतकांचा अभ्यास आजही करता येत नाही. म्हणूनच त्यांच्या उपपत्तीचे कोणते भाग पुराव्याचे व कोणते अनुमानाचे, हे वेगळे करून पाहणे अगत्याचे आहे.

संवताचा आरंभ इ. स. २४८-४९ च्या सुमाराचा, हे कीलहॉर्नच्या गणितापासून स्थिर झाले आहे. या संवताचे सर्वांत जुने लेख गुजरात, उत्तर कोकण व नाशिककडच्या भागात मिळतात, हेही खरे. त्या काळी त्या भागात सार्वभौम म्हणविण्याजोगा राजा कोण होता, असा प्रश्न करून मिराशींनी ईश्वरसेनाचे नाव घेतले. नाशिकच्या लेखात त्याच्या पित्यास राजपद लावलेले नाही, म्हणून ईश्वरसेन हाच वंशसंस्थापक; त्याचे राज्यवर्ष वंशजांनी पुढे चालविले, म्हणून तोच संवत्प्रवर्तक. हा तर्क सुसंगत आहे. परंतु नाशिकच्या लेखातले नववे वर्ष हे राज्यवर्ष आहे. त्याच्या कोणा वंशजाने तेच वर्षगणन पुढे चालविल्याचा महाराष्ट्रातील लेख आपल्यापाशी नाही. वसुषेणाच्या लेखातील तिसावे वर्ष याच संवताचे धरल्यास ते इ. स. २७८ येते, आणि उपपत्तीस तो चांगला आधार होतो. पण ते वर्ष याच संवताचे आहे असे धरण्यास आधार पुन्हा तीच उपपत्ती. या ठिकाणी तर्क आपल्याच शेपटीला धरतो.

दुसरा सांधा पुराणांचा. पुराणपाठांत आभीरांचे दहा राजे व ६७ वर्षे असा हिशेब आहे. दहा राजांना ६७ वर्षे फार थोडी वाटल्यामुळे मिराशींनी पाठ सुधारून १६७ वर्षे घेतली. संवताचा आरंभ धरून ती मोजली की त्रैकूटकांच्या उदयापर्यंतचा काळ नीट भरून निघतो. परंतु पाठ सुधारण्याचे कारण जर हा काळ भरणे हेच असेल, तर सुधारलेला पाठ त्या काळाचा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय दहा राजांची ६७ वर्षे अशक्य मानण्याचे कारण नाही. लाँबर्डांच्या इतिहासात इ. स. ५७४ ते ५८४ ही दहा वर्षे राजा नव्हताच, सरदारच आपापल्या प्रदेशांत राज्य करीत होते. एका वेळी अनेक आभीर सरदार नांदत असतील तर दहा नावे थोड्या वर्षांत सहज मावतात.

तिसरा सांधा ईश्वरदत्ताचा. महाक्षत्रप ईश्वरदत्ताची पहिल्या व दुसऱ्या राज्यवर्षाची नाणी उपलब्ध आहेत. भगवानलाल इंद्रजींनी त्यास आभीर मानून इ. स. २४९ च्या सुमारास ठेविले. रॅप्सनने १९०८ च्या आपल्या सूचीत इ. स. २३६ ते २३९ हा काळ दिला, दे. रा. भांडारकरांनी त्यास अर्धशतक मागे, इ. स. १८८ ते १९० मध्ये नेले. नाण्यांवर 'आभीर' हा शब्द नाही. ईश्वरसेन व ईश्वरदत्त ही नावे सारख्या घडणीची आहेत एवढ्यावर एका राजाचे कुळ ठरले, आणि कुळ ठरल्यावर तो आभीरांच्या उदयाचे गमक ठरला.

या पद्धतीचा धोका किती मोठा, हे वल्खाच्या महाराजांच्या उदाहरणाने उघड झाले. स्वामिदास, भुलुंड व रुद्रदास या महाराजांचे थोडेसे ताम्रपट फार पूर्वीपासून ज्ञात होते. त्यांतील दाने वल्ख येथून दिलेली आहेत. मिराशींनी वल्ख म्हणजे चाळीसगावजवळील वाघळी असे मानून हे खानदेशचे राजे ठरविले, व त्यांची वर्षे आभीर संवताची धरून त्यांना आभीरांचे मांडलिक केले. र. चं. मजुमदारांसारख्या विद्वानांस ती वर्षे गुप्त संवताची वाटत होती. वाद अनिर्णीत राहिला असता. परंतु १९८२ मध्ये मध्यप्रदेशातील धार जिल्ह्यात बागजवळ २७ ताम्रपटांचा एक संच सापडला. के. व्ही. रमेश व एस. पी. तिवारी यांनी तो १९९० मध्ये प्रसिद्ध केला. याच महाराजांची दाने त्यात मोठ्या संख्येने आहेत, त्यांची गावे नर्मदेच्या खोऱ्याकडे जातात, आणि वर्षे गुप्त संवताची धरणे आता सयुक्तिक ठरले आहे. खानदेशातील आभीर सत्तेचा म्हणून जो पुरावा दाखविला जात असे त्याचा मोठा भाग त्यामुळे सातपुड्याच्या पलीकडे गेला. तथापि जुन्या ग्रंथांवरून लिहिलेल्या प्रकरणांत वल्खाचे महाराज अजूनही वाघळीस राज्य करताना आढळतात.

यात मिराशींचा दोष काढण्याचा हेतू नाही. उपलब्ध साधनांवरून त्यांनी अनुमान केले व ते अनुमान आहे हे त्यांच्या युक्तिवादावरून स्पष्ट दिसते. दोष आहे तो त्यांच्या अनुमानांस आधारवाक्ये करून पुढे चालणाऱ्यांचा. वाघळीलाही तिचा खरा इतिहास आहे: तेथील शक ९९१ म्हणजे इ. स. १०६९ च्या लेखात यादव सेउणचंद्राचा मांडलिक मौर्य गोविंदराज याची माहिती येते. गावाची प्रतिष्ठा राखण्यास आभीर महाराजांची आवश्यकता नाही.

(४)

आता लोककथांकडे वळू. नंदुरबार नगर नंद गवळ्याने वसविले व ते मुसलमानी आक्रमणापर्यंत त्याच्या कुळाकडे होते, ही परंपरा १८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये नोंदविलेली आहे. असीरगडाची कथा याहून प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या फिरिश्त्याने सांगितले आहे की हजारो गाई-म्हशींचा धनी असलेला आसा अहीर याने तो गड बांधला, दुष्काळात त्याने लोकांस अन्न दिले, आणि नासिरखान फारुकीने स्त्रियांच्या म्हणून पाठविलेल्या डोल्यांत सैनिक दडवून तो कपटाने घेतला. नासिरखान इ. स. १३९९ मध्ये गादीवर आला.

या कथांना इतिहासात स्थान आहे, परंतु ते तिसऱ्या शतकात नाही. आसा अहिराची कथा चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशात गोधनावर संपन्न झालेले व गढी राखून असलेले पुरुष होते, नव्या सुलतानी सत्तेस त्यांच्याशी झुंजावे लागले, एवढे सांगते. नंद गवळ्याच्या कथेत तर नावच गोकुळाच्या नंदाचे आहे. ऐतिहासिक राजाची स्मृती की नगराच्या नावावरून रचलेली कथा, हे कथेवरून ठरत नाही. महाराष्ट्रात 'गवळी राज्य' ही संज्ञा कर्त्याची ओळख न उरलेल्या जुन्या बांधकामास व सत्तेस सरसकट लावली जाते. गुंथर सोंथायमर व रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनाने हे दाखवून दिले आहे की दख्खनच्या पशुपालकांचे दैवतविश्व व राजकुलांशी असलेले त्यांचे नाते हे स्वतंत्र अभ्यासाचे क्षेत्र आहे. नाशिकच्या शिलालेखापासून नंद गवळ्यापर्यंत एक सरळ रेषा ओढली की त्या क्षेत्राचीच हानी होते. कारण मग पशुपालकांचा हजार वर्षांचा जिवंत इतिहास हा केवळ एका बुडालेल्या राज्याचा प्रतिध्वनी ठरतो.

या कथेतल्या नगराविषयीचा खरा समकालीन उल्लेख इब्न बतूताचा. चौदाव्या शतकाच्या चाळिशीत दौलताबादहून खंबायतेकडे जाताना तो नंदुरबारवरून गेला. तेथे मराठे राहतात आणि ते कारागिरीत, वैद्यकात व ज्योतिषात कुशल आहेत, असे त्याने लिहिले आहे. गवळ्यांच्या राज्याचा त्यास सुगावा लागलेला नाही.

(५)

सर्वांत लोकप्रिय आधार अहिराणीचा. आभीर शब्दापासून अहीर व अहिरापासून अहिराणी ही व्युत्पत्ती ध्वनिशास्त्रदृष्ट्या बिनचूक आहे. प्रश्न व्युत्पत्तीचा नाही. नावाची व्युत्पत्ती म्हणजे भाषेचा उगम नव्हे, हा आहे. फ्रान्स देशास फ्रँकांचे नाव आहे, पण फ्रेंच ही लॅटिनची कन्या आहे. अहिराणीत षष्ठीचे 'ना-नी-नं' गुजरातीशी जुळते, 'माले', 'तुले' यांतील चतुर्थीचा 'ले' विदर्भातील बोलींतही ऐकू येतो. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात १९०७ च्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीस भिल्ली बोलींबरोबर बसविले आहे, मराठीच्या खंडात नाही. त्या वर्गीकरणाविषयी मतभेद झाले तरी एवढे निश्चित की गुजराती, मराठी व भिल्ली यांच्या दीर्घकालीन सहवासात ही बोली घडली आहे. दंडीने उल्लेखिलेली आभीरवाणी ही काव्यातली अपभ्रंश भाषा होय. ती व आजची अहिराणी यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि केवळ नावाच्या साम्याने ते अंतर तोडता येत नाही.

'अहीर' या शब्दाचा खानदेशातील व्यवहार पाहिला की आणखी एक गोष्ट ध्यानी येते. सोनार, सुतार, लोहार अशा अनेक ज्ञातींत 'अहीर' नावाची पोटज्ञाती आहे. या सर्वांचे पूर्वज आभीर होते असे कोणी म्हणणार नाही. येथे 'अहीर' हे वंशाचे नव्हे, प्रदेशाचे विशेषण झाले आहे: अहीर सोनार म्हणजे या मुलखातला सोनार. लाँबर्ड नावाचे जसे आधी प्रदेशनाम व मग सावकारवाचक नाम झाले, तशीच ही अर्थाची वाटचाल आहे. नाव टिकले ते राजकुल टिकले म्हणून नव्हे. ज्यांचा त्या राजकुलाशी कधी संबंध आला नव्हता अशा लोकांनी ते वापरले म्हणून टिकले. २०११ च्या जनगणनेत खानदेशी-अहिराणी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांच्या वर होती. या बोलीचा सन्मान करण्यासाठी तिला राजवंश मिळवून देण्याचे कारण नाही. ती इतक्या लोकांची बोली आहे, हेच पुरेसे आहे.

संवताचेही असेच झाले. ईश्वरसेनाने तो सुरू केला असे मानले तरी पुढे त्रैकूटक, मग महिष्मतीचे कलचुरी, आणि बाराव्या शतकात त्रिपुरी व रतनपूर येथील कलचुरी यांनी तो चालविला, आणि तो त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. आभीर हे नाव राहिले ते बोलीला व ज्ञातींना. जो वारसा खरोखर आभीर राजाचा असण्याचा संभव अधिक, त्यावर मात्र दुसऱ्याचे नाव पडले.

(६)

एवढे विवेचन केल्यावर प्रारंभी निर्दिष्ट केलेल्या मुद्द्याकडे येतो. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या त्याच्या सहा तालुक्यांत २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा यांच्या बोली अहिराणीहून निराळ्या आहेत. या जिल्ह्याच्या इतिहासाची पूर्वपीठिका 'आभीरांचा देश' या शब्दांनी सुरू केली तर वाचकाच्या मनात नकळत एक चित्र उभे राहते: सखल तापीकाठ हा इतिहास, आणि सातपुडा ही त्याची पार्श्वभूमी. ज्यांचे नाव एका शिलालेखात आले ते इतिहास घडविणारे. ज्यांचे आले नाही ते अनादि, स्थिर आणि म्हणून इतिहासाबाहेरचे. हे चित्र कोणत्याही पुराव्याने सिद्ध झालेले नाही. आभीर राजकुलाविषयीच्या दोनचार अनिश्चित विधानांस निश्चिती दिल्यामुळे ते केवळ तयार होते.

या जिल्ह्यात तिसऱ्या-चौथ्या शतकांचा प्रत्यक्ष पुरावा कोठे शोधावयाचा, याचे एक उत्तर प्रकाशे येथे मिळते. तापी व गोमाई यांच्या संगमावरील या गावी १९५४-५५ मध्ये ब. कृ. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व विभागातर्फे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगापासून प्रारंभिक मध्ययुगापर्यंत चार कालखंड तेथे ओळखले गेले. तिसरा कालखंड इसवी सनाच्या आरंभापूर्वीपासून सहाव्या शतकापर्यंतचा. म्हणजे ईश्वरसेनाचा काळ त्यात येतो. त्या थरांतील मडक्यांवर व घरांच्या अवशेषांवर 'आभीर' असे लिहिलेले नाही, आणि ते तसे असण्याची अपेक्षाही करू नये. लोक काय खात, काय पिकवीत, कोणती भांडी घडवीत, कोणाशी देवघेव करीत, हे असे थर सांगतात. राजकुलाचा उदयास्त होत असताना नदीकाठचे जीवन चालू होते की खंडित झाले, या प्रश्नाचे उत्तर अशाच साधनांतून यावयाचे आहे.

यावरून पदव्युत्तर अभ्यासकांसाठी काही मर्यादा आखून घेता येतील. 'आभीर' हा शब्द लिहिताना तो राजकुलाविषयी, लोकसमूहाविषयी की नावाविषयी वापरला आहे, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. ज्या लेखाचा संवत् अनुमानित आहे त्यास त्याच अनुमानाचा पुरावा करू नये. १९९० पूर्वीच्या ग्रंथांतून वल्खाच्या महाराजांविषयी काही घेताना बागचे ताम्रपट पडताळून पाहावेत. गवळी राजांच्या कथा संग्रहित कराव्यात, परंतु त्या सांगणाऱ्यांच्या काळाचा व समाजाचा पुरावा म्हणून वाचाव्यात. आणि अहिराणी, भिल्ली, पावरी, मावची या बोलींतील गुरे, चारा, पाणी व वाटा यांच्या शब्दांचा तौलनिक संग्रह हाती घ्यावा. सखल प्रदेश व डोंगर यांच्यातील देवघेवीचा इतिहास कोणत्याही राजवंशावळीपेक्षा त्यात अधिक सापडण्याचा संभव आहे.

लाँबर्डांच्या इतिहासकाराने अस्ताचे प्रकरण लिहिले नाही, आणि तरीही त्या लोकांचा इतिहास अपुरा राहिला नाही. कारण सिंहासन गेल्यावरही कायदा, वस्ती व नाव यांचे पुढे काय झाले हे इतर साधनांनी शोधता आले. आभीरांच्या बाबतीत आपण याच्या उलट वागलो आहोत. साधने अपुरी असता उदयाचे व अस्ताचे अशी दोन्ही प्रकरणे लिहून टाकली, आणि त्यांच्यामध्ये व त्यांच्यानंतर जे लोक राहिले त्यांचे प्रकरण मोकळे ठेविले. तिसऱ्या शतकात नाशिक येथे आभीर म्हणविणारा एक राजा होता, हे विधान लहान आहे. पण ते खरे आहे. खानदेशाच्या इतिहासाचा आरंभ अशा लहान व खऱ्या विधानांवर करावा आणि त्यांच्या पलीकडची जागा, ती कोणाची आहे हे ठरेपर्यंत, रिकामी ठेवण्याचे धैर्य दाखवावे, एवढीच या चिकित्सेची फलश्रुती आहे.